होळीच्या आत पत्रे पांढरे करूया

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या सोसायट्यांत आणि चाळींत, पक्क्या छपराखाली राहणाऱ्या सगळ्यांना हे आवाहन आहे. काम तातडीचं आहे आणि मुदत आहे होळीची. होळी पेटली की ऊन तापतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता ऊन होळीसाठी थांबत नाही. २०२५ साली फेब्रुवारीतच हवामान खात्याला मुंबईसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. त्याच वर्षी २६ मे रोजी मोसमी पाऊस शहरात दाखल झाला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सर्वांत लवकर. ऊनही अलीकडे आलं आणि पाऊसही. मधल्या थोड्या आठवड्यांत जे उरकेल तेवढंच उरकेल.

उरकायचं काय, ते आधीच सांगून टाकते. डोंगरउतारावरच्या वस्त्यांमधल्या पत्र्यांना ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचा. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या बायकांच्या वेळा आणि सुट्ट्या उन्हाप्रमाणे बदलायच्या. सोसायटीच्या आवारातला संडास त्यांना मोकळा करायचा. आणि वॉर्ड ऑफिसात जाऊन चार गोष्टी लेखी मागायच्या. अवघड यातलं काहीच नाही. तरी दरवर्षी राहून जातं, कारण ज्यांच्यासाठी करायचं त्या बायका आपल्या सोसायटीच्या सभेला नसतात.

घाटकोपरची असल्फा, भटवाडी, अंधेरीची गावदेवी डोंगरी, बोरिवलीचा काजूपाडा, मुलुंडचं अमरनगर. यातल्या कुठल्याही वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी दोन वाजता जाऊन बसा. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, त्याखाली प्लायचा पोटमाळा, कोपऱ्यात मोरी आणि पाण्याचं पिंप. बाई जमिनीवर बसून इमिटेशनच्या कानातल्यांना खडे चिकटवते आहे. समोर ताटलीत खडे, हातात चिमटा, बाजूला गोंद. डोक्यावर पंखा आहे, पण बंद. चालू केला की खडे उडतात आणि गोंद आधीच सुकतो. शेजारच्या खोलीत पापड लाटणं चाललंय, तिथेही पंखा बंद. पलीकडे डब्यांच्या ऑर्डरच्या पोळ्या, तिथे गॅसची ज्योत विझते म्हणून बंद. पैसे कामाच्या नगावर, दागिन्यांचे तर ग्रोसवर, म्हणजे १४४ नग झाले की. ऊन वाढलं म्हणून हात मंदावला, गरगरायला लागलं, तासभर आडवं पडावं लागलं, तर तेवढी मजुरी कमी. कुणी कापून घेत नाही, म्हणून ती कुठल्या नुकसानीत धरलीही जात नाही.

बाहेर गवंडी उन्हात तळतो ते निदान सगळ्यांना दिसतं. उन्हाळ्यात सरकारी सूचना निघतात त्या दुपारी बांधकाम आणि रस्त्याची कामं थांबवा अशा. घर हीच कामाची जागा असलेल्या बाईला कुणी दुपारी थांब म्हणत नाही. लोकांच्या हिशेबात ती घरीच तर असते, सावलीत!

मुंबईचा पारा सांताक्रूझला आणि कुलाब्याला मोजतात. किनाऱ्यावरच्या शहरात उष्णतेची लाट जाहीर व्हायला कमाल तापमान किमान ३७ अंश असावं लागतं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं. घामाने भिजवणारा दमटपणा या मोजमापात नाही, पत्र्याखालची खोलीही नाही. सांताक्रूझला ३५ असताना पत्र्याखाली किती असतं, याची रोजची नोंद कुठल्याही खात्याच्या वहीत होत नाही.

रात्रीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती क्वचितच सांगितली जाते. मे महिन्यात वस्तीतले पुरुष खोलीत झोपत नाहीत. कुणी कट्ट्यावर, कुणी मंडळाच्या ओट्यावर, कुणी रिक्षात. बायका आणि वयात आलेल्या मुली आतच, दाराला कडी लावून, बहुतेकदा खिडकीही बंद करून. अंगावरचे कपडे पूर्ण. त्याच खोलीत संध्याकाळचा स्वयंपाक झालेला असतो. आणि पहाटे पाण्याची वेळ असते, तेव्हा उठायचं कुणी, हे विचारायला नको. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री थंड व्हायला वेळ मिळाला नाही की दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त घातक ठरतं, हे डॉक्टर कळकळीने सांगतात. पुरुषाला रात्री तो वेळ थोडाफार मिळतो. बाईला नाही.

म्हणून आधी पत्रा. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. पांढरं छप्पर ऊन परतवतं आणि खोली दोन-चार अंशांनी उतरते. एसी लागल्यासारखं मुळीच वाटणार नाही, तशी आशा कुणाला दाखवू नका. पण बाईला दुपारी हातातलं काम पुरं करता येईल आणि तान्ह्या मुलाला झोप लागेल, एवढा फरक पडतो.

रंगाबद्दल थोडं नीट सांगायला हवं, कारण हौसेने केलेलं काम पहिल्या सरीला धुऊन जातं. लोखंडी पत्र्यावर साधा चुना टिकत नाही. पत्र्यासाठीचा सोलर रिफ्लेक्टिव्ह रंग दुकानात मिळतो, तो घ्या. आधी गंज खरवडायचा, धूळ काढायची, प्रायमर लावायचा, मग रंगाचे दोन हात. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्याला खरवडू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ छातीत गेली की निघत नाही. तो ओल्या फडक्याने पुसायचा. पत्र्यावर चालायचं ते बोल्टच्या रांगेवरून, कारण खाली लोखंडी अँगल तिथेच असतो. कॉलेजच्या मुलांना वर चढवू नका. त्यांनी खालून डबे पुरवावेत, उन्हात सरबत करावं. वर जाणारा माणूस सवयीचा हवा आणि तो त्याच वस्तीतला रंगारी असला तर मजुरीही वस्तीतच राहील. मेअखेरीस बायका पत्र्यावर निळी ताडपत्री टाकून विटा ठेवतात, गळती थांबवायला. म्हणजे रंग लावायला सोयीचे महिने फेब्रुवारी-मार्चच. ताडपत्री निघाली की ऑक्टोबरच्या उन्हात तोच रंग पुन्हा कामी येतो.

पैशाचा प्रश्न आहेच. सोसायटीच्या सिंकिंग फंडाला हात लावायची गरज नाही. एका मजल्याने एक छप्पर घ्यावं. गणेशोत्सव मंडळांकडे शिल्लक असते, दहीहंडीला थर लावणारी पोरं असतात. महिला मंडळांनी हळदीकुंकवाच्या वाणाचे पैसे एखाद्या वर्षी या डब्यांत घालावेत. स्टीलच्या वाट्या घरोघरी दहा-दहा आहेत.

दोन गोष्टी विसरू नका. खोली भाड्याची असेल तर आधी मालकाशी बोला आणि रंगाच्या नावाखाली भाडं वाढवणार नाही, हे कबूल करून घ्या. नाहीतर आपण छप्पर रंगवायचं आणि भाडेकरू बाईने खोली सोडायची, असं होईल. दुसरं, ‘झोपडपट्टीत खर्च कशाला, एसआरए येणारच आहे’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक सभेत असतो. एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन, १९९५ पासून येतेच आहे. तोवर जितके उन्हाळे जातील तितके पत्र्याखालीच जाणार आहेत.

असल्फाच्या टेकडीवर २०१७ च्या अखेरीस ‘चल रंग दे’ उपक्रमात स्वयंसेवकांनी घरांच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगवल्या होत्या. मेट्रोतून जाणाऱ्यांनी फोटो काढले, देशभर छापून आले. म्हणजे रविवारी सुट्टी टाकून डोंगर चढणारी, ब्रश धरणारी माणसं या शहरात मिळतात, हे सिद्ध झालेलं आहे. त्या भिंती मेट्रोतल्या प्रवाशाला दिसत होत्या. या वेळी प्रवाशाला काहीच दिसणार नाही अशी जागा रंगवायची आहे, एवढाच फरक.

आता आपल्या घरात येऊया. घरकामाला येणारी बाई सकाळी सातला पहिलं घर धरते. झाडू-लादी, कपडे, भांडी करत चौथं-पाचवं घर उरकते ते दीड-दोनला, आणि भर उन्हात चढ चढून घरी जाते. काही घरांना जेवणाची भांडी दुपारी तीनलाच घासलेली हवी असतात, म्हणून ती पुन्हा उतरते. जेवणाची भांडी तीनलाच घासली पाहिजेत, असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. मार्च ते जून दुपारची फेरी बंद करा, ती भांडी संध्याकाळी किंवा सकाळी होतील. तिच्या वेळा मात्र तिला विचारूनच ठरवा. तिची मुलं कधी शाळेतून येतात आणि पाणी कधी येतं, हे आपल्याला ठाऊक नसतं.

उष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी ती आली नाही तर खाडा धरू नका. दुसरी बाई बघावी लागेल असं सुचवूही नका. पगारी सुट्टी द्या आणि ती आधीच सांगून ठेवा, नाहीतर पगार कापला जाईल या धास्तीने ताप अंगावर घेऊन ती येईलच. पोळ्या करणाऱ्या मावशींसाठी ओट्याजवळ टेबलफॅन असा ठेवता येतो की वारा पायाला लागेल आणि ज्योतीला लागणार नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तुमच्याकडच्या बाईची तिथे नोंद आहे का, ते विचारा. नसेल तर तिच्याबरोबर बसून अर्ज भरा.

संडासाचं बोलायला लोक लाजतात, पण बोललंच पाहिजे. बाई पाच घरं करते आणि पाच-सहा तास लघवीला जात नाही, कारण जायला जागा नाही. म्हणून ती पाणी पीत नाही. आपण प्रेमाने ‘पाणी पी गं, ऊन किती आहे’ म्हणतो, ती ‘नको ताई’ म्हणते, त्यामागे हे कारण असतं. उन्हात पाणी कमी पोटात गेलं की लघवीचा जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ २०११ पासून हे मांडत आली आहे. बहुतेक इमारतींत स्टिल्टखाली वॉचमनसाठी संडास असतो. त्याला आतून कडी बसवा, दिवा लावा, पाण्याची सोय करा आणि तो घरकामाच्या बायकांना, मासळीवालीला, भाजीवालीला, कचरा नेणाऱ्या बाईला मोकळा आहे, असं गेटवर मराठी-हिंदीत लिहून लावा. ‘आमच्या इमारतीत कामवाल्यांशी भेदभाव नसतो’ म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या लिफ्टशेजारची, नोकरांना वेगळी लिफ्ट दाखवणारी पाटी वाचून यावी.

गरोदर बाईला ऊन जास्त बाधतं. तामिळनाडूत सुमारे ८०० गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. उन्हातान्हात काम करणाऱ्यांमध्ये गर्भपाताचा धोका सुमारे दुपटीने वाढलेला दिसला. त्या शेतावर, वीटभट्टीवर, मिठागरात राबणाऱ्या बायका होत्या. आपल्याकडच्या पोळीवाल्या मावशींची सून सातव्या महिन्यात गॅससमोर उभी असते, तिला हे लागू नाही असं समजायला काहीच आधार नाही.

पाण्याचं थोडक्यात सांगते, कारण मुंबईकराला ते सांगायला नको. २०२४ च्या मे-जूनमध्ये तलाव आटले आणि आधी पाच, मग दहा टक्के पाणीकपात झाली. सोसायटीने टँकर मागवला. डोंगरावरच्या नळाला मुळात दाब कमी, कपातीत तो अजून उतरतो. मग हंडे घेऊन पायऱ्या चढायच्या त्या बायकांनी आणि मुलींनी. आणि ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हेही आपल्या नळाशीच जोडलेलं आहे. बेकायदा वस्तीतल्या माणसालाही पाण्याचा हक्क आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं, आणि महापालिकेने मे २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं. कागद आपल्या बाजूने आहे. तुमच्या शेजारच्या वस्तीत नळजोडणीचे अर्ज पडून असतील तर ते घेऊन वॉर्ड ऑफिसात जाणारा एक इंग्रजी-मराठी लिहिता माणूस द्या. निवृत्त बँकवाल्यांना याहून चांगलं काम मिळणार नाही.

दुष्काळही इथेच येऊन उतरतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यातली, मुख्यतः नांदेडकडची कुटुंबं घाटकोपरच्या भटवाडीत मोकळ्या मैदानावर पालं ठोकून राहिली होती. गावचं पाणी संपलं म्हणून आलेल्या बाईला इथेही पहिलं काम पाणी शोधायचंच करावं लागलं.

वेसावे, मढ, मनोरी, गोराईच्या कोळणींचा हिशेब आणखी वेगळा. बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगायचे, जवळा अंथरायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा, हे बायकांचं काम आणि बायकांचा पैसा. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला मुंबईत अवकाळी पाऊस झाला, तसा पाऊस वाळवणीच्या दिवसांत आला की माल कुजतो आणि खत म्हणून जातो. वादळानंतर होडी फुटली, जाळं फाटलं, त्याचा पंचनामा लवकर होतो, कारण ते डोळ्यांना दिसतं आणि त्याचे कागद असतात. वलांडीवरच्या मालाला कागद नाही. हे नुकसान बाईच्या नावाने नोंदवलं जावं, ही मागणी आपण खाणाऱ्यांनीही केली पाहिजे. सुकट तर आपल्याला पावसाळाभर लागते.

‘हवामानबदलाने विस्थापित होणाऱ्यांत ८० टक्के स्त्रिया’ असा एक आकडा जगभर फिरतो. त्याचा पाया कच्चा आहे, तो वापरू नका. गरजही नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उघड्या उन्हात सोहळा झाला, १४ माणसं उष्माघाताने गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया. बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १,४०,००० माणसं मेली, त्यात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. वादळाचा इशारा बाजारात, पुरुषांमध्ये पोचला होता. घरातली बाई मुलं, कोंबड्या सांभाळत नवऱ्याच्या निरोपाची वाट बघत राहिली. पुढे त्या देशाने चक्रीवादळाच्या स्वयंसेवकांत बायका भरती केल्या, आज त्या जवळपास निम्म्या आहेत, आणि स्त्री-पुरुष मृत्यूंमधली ती दरी पुष्कळ कमी झाली. आपल्याकडे इशारा मोबाइलवर येतो आणि घरातला एकुलता चांगला मोबाइल नवऱ्याच्या खिशात कामावर गेलेला असतो. म्हणून इशाऱ्याच्या दिवशी दार वाजवून सांगणारी बाई हवी.

वॉर्ड ऑफिसात हेच मागायचं. अंधेरीकरांनी के पश्चिम आणि के पूर्वला, बोरिवलीकरांनी आर मध्यला, मुलुंडकरांनी टी विभागाला, घाटकोपरकरांनी एन विभागाला. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर केला, २०५० चं उद्दिष्ट त्यात आहे. आपण पुढच्या महिन्याचं विचारूया. उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी आरोग्य सेविकांना गल्लोगल्ली पाठवा आणि त्या जादा कामाचे पैसे त्यांना द्या, त्याही बायकाच आहेत. दुपारी १२ ते ४ पालिकेच्या शाळेतला किंवा समाजमंदिरातला एक पंख्याचा हॉल बायकांसाठी उघडा ठेवा, जिथे हातातलं काम घेऊन बसता येईल आणि पंखा चालला तरी खडे उडणार नाहीत अशी टेबलं असतील. निवडक खोल्यांत तापमापक लावा आणि नोंद ठेवा. दवाखान्यात ओआरएस आणि बर्फ हाताशी ठेवा.

अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेने असंघटित बायकांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला आहे. २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान, महाराष्ट्रातल्या सुमारे ५०,००० बायका त्यात होत्या, आणि पारा ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की बुडालेल्या मजुरीपोटी थोडी रक्कम थेट खात्यात येते. मुंबईसाठी अशी योजना करायची तर रेषा ४० अंशांवर आखून चालणार नाही. इथे ३६ अंश आणि दमटपणा मिळूनच माणूस कोसळतो.

पाऊस आला की डोंगराचा दुसरा धोका सुरू होतो, दरडींचा आणि कोसळणाऱ्या भिंतींचा. घाटकोपरचं आझादनगर, जुलै २०००. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि साकीनाक्याच्या खाडी नंबर ३ वर दरड आली. मालाडची भिंत, जुलै २०१९. विक्रोळीचं सूर्यनगर, जुलै २०२१. ही नावं एवढ्यासाठी लिहिली, की संरक्षक भिंतीची पाहणी आणि नाल्याची सफाई मेच्या आधी मागायची, म्हणजे तीही याच अर्जात घाला.

कुणी उन्हाने गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, अंग भाजतंय पण घाम थांबलाय, असं दिसलं तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करा, मानेला, काखेत, जांघेत ओला गार कपडा ठेवा, पंख्याने वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. पालिकेच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १९१६ आहे. हे दोन क्रमांक आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईच्या फोनमध्ये आजच घालून द्या.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी या आठवड्याच्या सभेत विषय घ्यावा आणि ठराव लिहून घ्यावा. मग वस्तीत जा, पण रंगाचे डबे घेऊन जाऊ नका. आधी तिथल्या बायकांना बसवून विचारा, कुठली छपरं पहिल्यांदा. कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाची सासू अंथरुणावर आहे, कोण दिवसभर आत बसून काम करते, हे त्या दहा मिनिटांत सांगतील. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पहिला हात मारला, तर दुसरा हात होळीच्या आत वाळून होईल.